कांबळ्यांच्या गॅरेजचा कोबा

माझ्या दुकानात फरशी निवडायला लोक बूट घालून यायचे आणि मी त्यांना ते काढायला लावायचो. "अहो, पण इथे धूळ आहे," असं म्हणायचे. "घरीही असते. काढा," असं मी म्हणायचो. बरेच जण तिथूनच परत जायचे. जाऊ देत. फरशी तळपायाला कळते, डोळ्यांना नाही, असं माझं तेव्हा मत होतं आणि दुकान बंद झालं तरी ते बदललेलं नाही.

पुण्याला बिबवेवाडीत माझं फरश्यांचं दुकान होतं. माल विकायचो आणि बसवूनही द्यायचो. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. मी अजून त्या रस्त्यानं जातो, समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि कव्हरं घ्यायला आलेली पोरं माझ्या जुन्या पायरीवर बूट घासतात ते बघत बसतो. बायको म्हणते, "कशाला जाता तिकडे जीव जाळायला?" तिला काय सांगणार? आठवण येते म्हणून जातो. ओल्या सिमेंटचा वास आला की अजूनही रस्त्यात पाय थांबतात.

या धंद्यात कुणी तुमचं कौतुक करत नाही. घर बघायला आलेला माणूस पडदे बघतो, टीव्ही बघतो, छतावरचे दिवे मोजतो. फरशी दिसते ती फक्त कुणी घसरून पडलं की. माझ्या डोळ्यांना मात्र खाली बघायची खोडच लागली आहे. लग्नाला गेलो तरी मी आधी हॉलची फरशी बघून घेतो, मग नवरा-नवरी. एकदा बायकोनं गाडीत विचारलं, "नवरीची साडी कोणत्या रंगाची होती?" मी म्हणालो, "ते माहीत नाही, पण स्टेजसमोरच्या चार टाइल्स पोकळ वाजत होत्या." घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली, की काय सांगावं! मंडईतले एक नारळवाले होते. त्यांना दुकानासाठी फरशी हवी होती. आले ते पिशवीत नारळ घेऊन. मी म्हटलं, वा, मुहूर्ताचा नारळ आणलाय. त्यांनी तो नारळ काढला आणि माझ्या सगळ्यांत देखण्या टाइलवर दाणकन आपटला. टाइलचे तुकडे झाले, नारळ शाबूत. "ही नको," ते शांतपणे म्हणाले आणि पुढच्या नमुन्याकडे वळले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. माणूस बरोबर करत होता. ज्या फरशीवर जन्मभर नारळ पडणार, ती नारळ टाकूनच घ्यायला हवी.

दुसरे आमच्याच बिबवेवाडीतले एक काका. घराखालच्या पार्किंगला त्यांनी पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइल्स लावून घेतल्या. मी परोपरीनं सांगितलं की तिथे स्कूटर येणार, तेल सांडणार, चाकाचे काळे पट्टे उठणार. ऐकतील तर शपथ. काम झालं आणि आठवड्यानं बघतो तर स्कूटर बाहेर रस्त्यावर उभी आणि फाटकावर पाटी: "आत वाहन आणू नये. चपला बाहेर काढाव्यात." मी विचारलं, "काका, मग पार्किंग कशासाठी?" ते म्हणाले, "बघायला." त्यावर काय बोलणार, कपाळ?

अशात एके दिवशी कांबळे आले. दुकान आवरतं घ्यायचं मी मनाशी ठरवलं होतं. गुडघे गेले होते, आणि फरशीवाल्याला गुडघ्यावर बसता येईना म्हणजे संपलंच. कांबळे माझ्याच वयाचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. दारातच थांबले, मान डावीकडे पूर्ण वळवली, मग उजवीकडे पूर्ण वळवली आणि मग आत आले. मला वाटलं, मोठा चिकित्सक माणूस दिसतोय. बूट मात्र त्यांनी न सांगता काढले, त्यामुळे मी त्यांना खुर्ची दिली.

"घरी मोटारसायकलचं छोटं गॅरेज करायचंय," ते म्हणाले. "धंद्याचं नाही, स्वतःपुरतं. कर्वेनगरला आतल्या बाजूला आमचं बैठं घर आहे, पुढे पत्र्याची शेड आहे. खाली नुसता मुरूम आहे आणि चार फुटक्या शहाबादी. स्वस्तात चांगली फरशी सांगा."

स्वस्त आणि चांगली एकत्र मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एरवी टोमणा मारल्याशिवाय सोडत नसे. पण विचारलं, "गॅरेजमध्ये काम कोण करणार?"

"मीच. मोटारसायकलच्या कारखान्यात होतो, रिटायर झालो. जुन्या बाजारातून एकेक भाग गोळा करतोय. आमच्या लाइनवर जे मॉडेल व्हायचं तेच. पूर्ण गाडी स्वतःच्या हातानं जोडायचीय."

"कारखान्यात जन्म गेला आणि अजून हौस फिटली नाही?"

"शेठ, लाइनवर कुणीच पूर्ण गाडी जोडत नाही. गाडी पुढे सरकत येते, प्रत्येकाचं काम ठरलेलं. मी साडी-गार्ड बसवायचो."

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूला एक जाळी असते. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. नोकरीभर या माणसानं फक्त ती जाळी बसवली. किती बायकांचे पदर त्यांनी वाचवले असतील देव जाणे. मी थट्टेनं म्हणालो, "मग वहिनींना तर तुमच्याइतकं सुरक्षित कुणीच नेलं नसेल."

"ती कधी बसलीच नाही," कांबळे म्हणाले. "आमच्याकडे गाडी कुठे होती? मी कंपनीच्या बसनं जायचो, ती पीएमटीनं. आधी घर झालं, मग मुलींची शिक्षणं. तिचं एकच म्हणणं असायचं, रविवारी सगळे जोडीनं खडकवासल्याच्या धरणावर जातात, पाण्याकडेला कणीस खातात, तसं एकदा आपण जाऊ. जाऊ म्हणता म्हणता राहिलं."

"मग आता गाडी जोडा आणि जा की."

त्यावर त्यांनी पुन्हा मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं आणि तेव्हा मला कळलं. त्यांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. नळीतून बघावं तसं, असं ते म्हणाले. ही नळी दिवसेंदिवस बारीक होत जाणार होती आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. गाडी चालवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

"चालवायची नाही, असं म्हणालेत," कांबळे म्हणाले. "जोडायची नाही, असं कोणी म्हणालेलं नाही. दिसतंय तोवर मला एक पूर्ण गाडी बघायचीय. माझी अडचण वेगळीच आहे. हातातनं नट पडला की तो कुठे गेला ते मला दिसत नाही. खाली वाकून अर्धा दिवस चाचपडत बसतो. म्हणून फरशी अशी हवी की पडलेली वस्तू कुठे पडली ते ऐकू आलं पाहिजे."

इतकी वर्षं दुकान चालवलं, पण कानांनी फरशी निवडायला आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. मला नारळवाल्यांची आठवण झाली. मी गल्ल्यातून एक नट शोधून काढला आणि त्यांच्या हातात दिला. "टाका," म्हणालो. "माझ्या दुकानात जे जे आहे त्यावर टाका."

ती दुपार मी विसरणार नाही. एक ते चार दुकान बंद ठेवायचा माझा नियम होता, तो त्या दिवशी मोडला. कांबळे डोळे मिटून नट टाकायचे आणि बोट दाखवायचे, "इथे." मी सांगायचो बरोबर की चूक. चकचकीत व्हिट्रिफाइडवर नट टणकन उडाला आणि पार वजनकाट्याखाली गेला. ती टाइल गॅरेजला तशीही वाईट, तेल सांडलं की माणूस आडवा. चेकर्ड टाइलवर एक वायसर टाकून बघितला, तो खाचेत जाऊन बसला आणि मलाही सापडेना. शहाबादीचा आवाज छान, पण ती तेल पिते आणि दोन फरश्यांमधल्या सांध्यात बारीक वस्तू अडकतात. साधी सिरॅमिक गाडीच्या मेनस्टँडच्या पायाखाली फुटते. रबरी मॅटवर तर आवाजच नाही, त्यातून पेट्रोल पडलं की रबर फुगतं.

"तो चकचकीत रंग देतात ना गॅरेजला, इपॉक्सी?" त्यांनी विचारलं.

"देतात. चांगला असतो. पण तुमच्या शेडखाली ओल असणार. प्लॅस्टिकचा कागद जमिनीला चारी बाजूंनी चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी आतून घाम आला असेल तर इपॉक्सीचे पापुद्रे निघणार. आणि स्वस्त तर तो नाहीच."

मग मी त्यांना दुकानाच्या मागच्या गोदामात नेलं. तिथे खाली सिमेंटचा कोबा होता, एकसंध, सांधा नसलेला, वर घोटून गुळगुळीत केलेला. सगळ्यांत स्वस्त फरशी म्हणजे ही. मजुरी आणि सिमेंट-वाळू, बस. विकायला काही नसतं म्हणून दुकानदार कधी तिचं नाव घेत नाहीत, आणि मीही घेत नसे. कांबळ्यांनी नट टाकला. टक् असा एकच स्वच्छ आवाज आला आणि नट जिथल्या तिथे राहिला. त्यांनी डोळे न उघडता वाकून तो उचलला.

"हीच," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

कोबा म्हटलं की माझा मिस्त्री ठरलेला, रंगा. वेल्ह्याकडचा माणूस, हात विलक्षण. त्यानं घोटलेला कोबा पाण्यानं पुसला की त्यात तुळईचं प्रतिबिंब दिसायचं. आता पुण्यात कुणी कोबा घोटून घेत नाही, रंगाही शेवटी टाइल्सच चिकटवत होता आणि त्याला त्यात काडीचा रस नव्हता. कोब्याचं काम आहे म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, नवी टोपी घालून हजर.

कांबळ्यांची एक अट होती. ढाळ, म्हणजे फरशीचा उतार, आत द्यायचा. त्यांचं बसायचं स्टूल शेडच्या आतल्या भिंतीशी असणार होतं. नट पडला तर जागेवर राहतो, पण बेअरिंगचे छर्रे घरंगळतात. ते घरंगळत आपल्याकडेच यावेत, असा त्यांचा हिशोब. रंगाला हे ऐकवेना.

"आवो, पानी घरात घ्यायचं? शेड धुतली तर पानी भायेर जायला पायजे का न्हाई? घरात पानी घेनारी फरशी म्या जन्मात केली न्हाई. लोक काय म्हन्तील, रंगानं केली?"

"मी धुणारच नाही. ओल्या फडक्यानं पुसेन," कांबळे म्हणाले.

मी रंगाला बाजूला घेतलं, समजावलं, दम दिला. "व्हय, व्हय," म्हणाला. मेनस्टँड जिथे उभं राहणार तिथे खाली जाळी टाकून कोबा जाड करायचा, हेही ठरलं, कारण त्या दोन पायांवर सगळ्या गाडीचं वजन येतं. मी खुर्ची टाकून बसलो. मुरूम चोपून बसवला, खडी-सिमेंट पडलं, रंगा फळीवर ओणवा बसून घोटत मागे मागे सरकत आला. त्याच्या थापीचा तो सर्र सर्र आवाज! इतक्या दिवसांनी ऐकला आणि मी खुर्ची आणखी जवळ ओढली. आपल्या हातून हे काम सुटणार, ही कल्पना मला तेव्हा सहन होत नव्हती. खोटं कशाला बोलू?

काम झाल्यावर मी कांबळ्यांना सांगितलं, आठवडाभर पाय ठेवायचा नाही, पाणी साठवून ठेवायचं. आणि महिनाभर गाडीचं वजन नाही.

"महिना?" त्यांचा चेहरा पडला. "शेठ, तुमच्या सिमेंटला महिना लागतो, पण माझ्या डोळ्यांना विचारलंत का?"

सिमेंट कुणासाठी थांबत नाही तसं कुणासाठी घाईही करत नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याच म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं थांबलो. महिन्यानं काय होतंय?" मग कांबळे रोज दारात पायरीवर बसून, हातात पाण्याची नळी धरून, नव्या कोब्याला पाणी घालत राहिले. मी अधूनमधून जायचो. वहिनी चहा द्यायच्या आणि आम्ही तिघं ओल्या कोब्याकडे बघत बसायचो, जसं काही त्यातून काही उगवणार आहे.

पाय ठेवायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी आणि रंगा दोघेही गेलो. कांबळे अनवाणी आत गेले, आतल्या भिंतीशी स्टुलावर बसले आणि खिशातून छर्रा काढून समोर सोडला.

छर्रा हलला. आणि त्यांच्याकडे यायच्या ऐवजी पाठ फिरवून सरळ रस्त्याकडच्या दाराकडे निघाला, हळूहळू, मग जरा वेगानं, आणि दारातून टुणकन उडी मारून गटारात गेला.

रंगानं ढाळ बाहेरच दिला होता. मुद्दाम नाही. जन्मभराची सवय, फळीवर ओणवं बसलं की हात आपोआप बाहेरच्या अंगाला खाली जाणार. पाणी साठवायला आम्ही कडेनं मातीचा बांध घातला होता, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रंगानं टोपी काढली आणि मटकन खाली बसला.

"फोडतो," म्हणाला. "आत्ता फोडतो आन पुन्ना करतो. मजुरी नगं मला."

"म्हणजे पुन्हा महिना," मी म्हणालो.

मग कांबळे उठले, स्टूल उचललं, दारापर्यंत चालत आले आणि रस्त्याकडे पाठ करून, तोंड आत करून बसले. "छर्रे इकडे येणार ना? मग मीच इकडे बसतो. उलट उजेड चांगला पडतोय." वहिनींनी आतून लाकडाची एक पट्टी आणून दारात आडवी लावली, छर्रे अडायला. कांबळ्यांनी दुसरा छर्रा सोडला. तो घरंगळत आला आणि पट्टीला लागून त्यांच्या पायाशी थांबला. रंगा रडायच्या बेतात होता, तो हसायला लागला. "वैनी, तुमी मिस्त्री व्हायला पायजे व्हत्या," म्हणाला.

त्यानंतर माझं दुकान गेलं, रंगा गावी गेला. पण मी कांबळ्यांकडे जायचं सोडलं नाही. ते दारात बसून गाडी जोडत आणि येणारे-जाणारे थांबून विचारत, "काय कांबळे, कुठवर आलं?" मी एक स्टूल घेऊन शेजारी बसायचो. नट पडला की टक् व्हायचं, ते बोटानं जागा दाखवायचे आणि मी मुद्दाम उचलून द्यायचो नाही. मला तो आवाज आवडायचा. माझ्या शेवटच्या फरशीचा आवाज होता तो.

पण नळी बारीक होत होती. आधी त्यांना एका नजरेत अर्धं इंजिन दिसायचं, मग एकेक बोल्ट. पुढे पुढे ते हातानंच जास्त जोडायचे. एकदा चिडून पाना आपटला आणि म्हणाले, "काय मूर्खपणा चाललाय माझा. आंधळ्याला गाडी कशाला हवी?" मी म्हणालो, "ते मला विचारू नका. मी पार्किंग बघायला ठेवणारी माणसं बघितलीत." त्यांना हसू आलं. पाना कुठे पडला ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

गाडी पुरी झाली त्या दिवशी त्यांनी रंगालाही गावाहून बोलावून घेतलं. लाल टाकी, नवं सीट, मेनस्टँडवर उभी. फक्त साडी-गार्ड राहिलं होतं. ते त्यांनी आमच्या समोर बसवलं, न बघता, बोलता बोलता, आपण शर्टाचं बटण लावतो तसं. मग हात पुसले, गाडीवर बसले आणि हाक मारली, "अगं, ये."

वहिनी बाहेर आल्या. ठेवणीतली निळी साडी नेसल्या होत्या. "अहो, चार लोकांत काय हे," म्हणत त्या मेनस्टँडवरच्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. कांबळ्यांनी किक मारली. एकदा, दोनदा, आणि गाडी धडधडायला लागली. त्यांनी गिअर टाकला. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर, हवेत भिरभिरायला लागलं. शेजारच्या निळ्या पदराला त्याचा वारा लागत होता. पदर जाळीला टेकून सुरक्षित होता.

"कुठून जायचं?" कांबळ्यांनी विचारलं.

"राजाराम पुलावरून," वहिनी म्हणाल्या.

"डावीकडे काय आहे?"

वहिनींनी मान वळवून बघितलं. डावीकडे शेडची भिंत होती आणि त्यावर टांगलेले पाने. "डावीकडे नदी," त्या म्हणाल्या. "पाणी कमी आहे. उजवीकडनं बस येतेय, सांभाळा."

कांबळ्यांनी वेग कमी केला. बस गेल्यावर वाढवला. अशी ती दोघं निघाली. धायरी फाटा आला, तिथे गर्दी होती म्हणून हॉर्न वाजवला. किरकटवाडीला वहिनींना गार वारा लागला, त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. समोरचं कांबळे सांगत होते, कडेचं वहिनी सांगत होत्या. "आलं धरण," त्या एकदम म्हणाल्या, "अहो, केवढं पाणी!" त्यांचा आवाज चिरकला. कांबळ्यांनी गाडी बंद केली. रंगा तोंड फिरवून उभा होता. मला रडू येत होतं, म्हणून मी सवयीनं खाली बघितलं. मेनस्टँडच्या पायांखाली कोब्याला चरासुद्धा नव्हता.

अजूनही मी रविवारी संध्याकाळी कर्वेनगरला जातो. मंडईतून कणसं घेऊन जातो, वहिनी ती शेगडीवर भाजतात. त्याआधी ती दोघं खडकवासल्याला जाऊन येतात. मी दारातल्या स्टुलावर बसून ऐकतो. रस्ता तोच आहे, पूल, फाटा, किरकटवाडी. पूर्वी वहिनी फक्त डावं-उजवं सांगायच्या. आता समोरचंही त्याच सांगतात.